हात आवरण्याची विद्या : एक प्रस्तावना

खंडाळ्याच्या घाटात एस.टी.ची गाडी तापून बंद पडली, म्हणजे चालक ती कडेला घेतो, वाहक खाली उतरून चाकांमागे दगड लावतो, झाडाच्या चारदोन फांद्या मोडून मागच्या रस्त्यावर टाकल्या जातात, आणि मग बॉनेट उघडून त्या वाफेकडे पाहत उभ्या राहिलेल्या मंडळींत, ज्याला म्हणून यंत्राविषयी काही मत आहे तो प्रत्येकजण ते निःसंकोचपणे मांडू लागतो. कोणाचा मुहूर्त टळतो, कोणाची कोर्टातली तारीख हुकते. पण जमीन पायांखाली असते आणि थांबणे हा उपाय चालकाच्या हाती सदैव शिल्लक असतो. पस्तीस हजार फुटांवरून ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या विमानाच्या चालकाला नेमका हाच उपाय नाकारलेला आहे. त्याच्यासमोर एक पिवळा दिवा लागतो, एक टोला वाजतो, आणि ज्या अवयवाविषयी यंत्र तक्रार करीत आहे तो अवयव बहुधा त्याच्यापासून शंभर फूट मागे, शेपटीच्या पोटात किंवा पंखाखाली, जेथे मनुष्याचा हात पोहोचणे शक्य नाही अशा ठिकाणी असतो. त्याने झाकण उघडावयाचे नसते, दगड लावावयाचे नसतात; त्याने समोरचे वाक्य वाचावयाचे, आपल्या सोबत्याशी चार शब्द बोलावयाचे आणि विमान चालू ठेवावयाचे असते. प्रस्तुत ग्रंथ या माणसाविषयी आणि त्या पिवळ्या दिव्याविषयी आहे.

ग्रंथकर्ते तीस वर्षे प्रवासी विमाने चालवून निवृत्त झालेले वैमानिक आहेत. मी त्याच काळात सांताक्रूझच्या हँगरात तसलीच विमाने दुरुस्त करून निवृत्त झालेला यंत्रज्ञ. आमच्या व्यवसायात या दोन बिरादरींचे सख्य एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या दोन जावांच्या सख्यासारखे असते: बोलणे गोड, हिशेब मात्र चोख, आणि भाजी करपली तर ती कोणाच्या पाळीत करपली याविषयीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू. हस्तलिखिताचे बाड घेऊन ते माझ्या दारी आले तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर मी लिहिलेल्या तक्रारींवर तुम्ही शेरे मारलेत, आता या सबंध बाडावर एक शेरा मारा." नकार देण्यास जागा नव्हती. मात्र प्रस्तावनाकाराने ग्रंथकाराशी सर्वत्र सहमत असलेच पाहिजे असा दंडक मी मानीत नाही, हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवले होते.

परिभाषेविषयी दोन शब्द आधीच सांगितलेले बरे. ग्रंथकर्त्यांनी 'कॉकपिट', 'सर्किट ब्रेकर', 'ऑटोपायलट' हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत आणि त्यांच्या जागी संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह टाळला आहे. माझ्या मते हे योग्यच झाले. आमच्या हँगरात 'दोष' किंवा 'बिघाड' हे शब्द क्वचितच ऐकू येत. "काल रात्रीच्या दिल्लीला स्नॅग आहे", असेच आम्ही म्हणत असू, आणि त्या 'स्नॅग' शब्दात जी एक अर्धवट काळजी व अर्धवट कंटाळा मिसळलेला असे, तो कोणत्याही प्रतिशब्दात उतरणार नाही.

इशारा म्हणजे काय, याविषयी सामान्य वाचकाच्या मनात एक सोयीस्कर गैरसमज असतो. त्याला वाटते की यंत्रास आपले दुखणे ठाऊक असते आणि ते दिव्याच्या भाषेत वैमानिकाला सांगते. वस्तुस्थिती पुष्कळच दरिद्री आहे. कोठे तरी एका तारेच्या टोकाशी अपेक्षित असलेला विद्युत्संकेत आला नाही, किंवा दोन संगणकांनी काढलेली उत्तरे परस्परांशी जुळली नाहीत, एवढेच यंत्राला कळलेले असते. बाकी सारे अनुमान. लक्षण आणि निदान यांत भेद करावा हे आपल्याकडच्या वैद्यांनी शतकांपूर्वी लिहून ठेवले आहे, पण वैद्याला रोग्याची नाडी तरी हाती धरता येते. वैमानिकाच्या हाती फक्त लक्षणांची यादी पडते, आणि तीही कधी कधी भलत्याच अवयवाच्या नावे.

पूर्वी हे ओझे तिघांत वाटलेले असे. दोन वैमानिकांच्या पाठीमागे, उजव्या भिंतीवरच्या घड्याळांच्या जंगलाकडे तोंड करून बसलेला फ्लाइट इंजिनियर हा आमच्याच बिरादरीतला माणूस होता. घड्याळाचा काटा किती थरथरतो यावरून पंपाची प्रकृती ओळखणारे लोक मी त्या खुर्चीत पाहिलेले आहेत. १९८२-८३ च्या सुमारास बोइंग ७६७ आणि एअरबस ए-३१० ही दोघांनी चालवावयाची रुंद विमाने आली, तेव्हापासून ती खुर्ची हळूहळू रिकामी झाली आणि तिच्या जागी पडदा आला. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये तर हा पडदा केवळ तक्रार सांगून थांबत नाही. तक्रारीखाली काय करावे याच्या ओळी निळ्या अक्षरांत मांडतो, आणि केलेली कृती आपल्या आपण खोडून टाकतो. बोइंग ७३७ च्या वंशात मात्र जुनी रीत अद्याप टिकून आहे: समोरच्या पट्टीवरचा दिवा कोणत्या खात्याकडे पाहावे एवढेच सांगतो, आणि कृती वैमानिकाने क्विक रेफरन्स हँडबुक नावाच्या पुस्तिकेत शोधून काढावयाची असते. तांबडा रंग म्हणजे विलंब नको. पिवळा म्हणजे जाणून घे, सवडीने पण निश्चितपणे लक्ष घाल. यातली एक योजना मला फार शहाणपणाची वाटत आलेली आहे: विमान धावपट्टीवर ८० नॉटांचा वेग ओलांडते, तेव्हापासून ते दीड हजार फूट वर जाईपर्यंत, एअरबसचा संगणक बहुतेक पिवळे इशारे स्वतःशी राखून ठेवतो. ज्या क्षणी वैमानिकाचे सारे चित्त जमीन सोडण्यात गुंतलेले आहे, त्या क्षणी त्याला किरकोळ बातमी सांगू नये, एवढा पोच यंत्राला शिकविला गेला आहे. माणसांना तो शिकविणे अधिक कठीण जाते.

लक्षण एकीकडे आणि रोग भलतीकडे, याचे उदाहरण म्हणून ग्रंथकर्त्यांनी २४ ऑगस्ट २००१ ची एअर ट्रान्सॅटची २३६ क्रमांकाची फेरी निवडली आहे. टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या त्या एअरबस ए-३३० चे उजवे इंजिन काही दिवसांपूर्वीच बदललेले होते, आणि ते बसविताना जुन्या नमुन्याची इंधननळी व नव्या नमुन्याची हायड्रॉलिक नळी एकमेकींना खेटून बसली होती. त्या घासत राहिल्या, आणि अटलांटिकच्या मध्यावर इंधननळी फाटली. वैमानिकांना मात्र प्रथम दिसले ते तेल: उजव्या इंजिनाच्या तेलाचे तापमान खाली, दाब वर. वाहून जाणारे थंड इंधन ज्या उष्णता-विनिमयकातून जात होते तोच तेलही थंड करीत होता, त्यामुळे इंधनाचे दुखणे तेलाच्या नावे नोंदले गेले. त्यांनी जमिनीवरच्या दुरुस्ती-केंद्राला विचारले. तेथेही उलगडा झाला नाही. उपकरणच खोटे बोलत असावे, असा समज बळावला. पुढे दोन पंखांतल्या इंधनाचे पारडे एका बाजूला झुकल्याचे पडद्याने दाखविले, तेव्हा यादी न उघडता, स्मरणावर भिस्त ठेवून, त्यांनी डाव्या टाक्यांचे इंधन उजवीकडे वळविले, म्हणजे गळक्या हंड्यात आणखी पाणी ओतले. यादीत गळतीविषयी सावधगिरीची सूचना लिहिलेली होती. दोन्ही इंजिने थंडावल्यावर ते विमान १९ मिनिटे निव्वळ तरंगत आले आणि अझोर्स बेटांवरच्या लाजेसच्या धावपट्टीवर उतरले. विमानातील ३०६ माणसांपैकी एकही दगावले नाही. ते तरंगत उतरविणे हे अपूर्व कौशल्य होते याविषयी दुमत नाही. पण त्या कौशल्याची गरज ज्या क्षणी उत्पन्न झाली तो क्षण हस्तकौशल्याचा नव्हता. पुस्तिका उघडून एक पान वाचण्याचा होता.

आता जमिनीवरची बाजू, जिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला अधिक आहे. प्रत्येक विमानात एक नोंदवही असते. आम्ही तिला टेक लॉग म्हणतो. वैमानिकाने एका रकान्यात तक्रार लिहावयाची, यंत्रज्ञाने शेजारच्या रकान्यात काय केले ते लिहून सही करावयाची, आणि ती सही झाल्यावाचून विमान सुटत नाही. मराठेशाहीच्या दफ्तरात अर्जावर जशी मखलाशी होई, तशीच ही रीत. आणि दफ्तरातल्या सगळ्या खोडी हिच्यातही आहेत. प्रत्येक तक्रारीची दुरुस्ती तेथल्या तेथे होणे शक्य नसते. सुटा भाग हाताशी नसतो, वेळ नसतो, रात्र सरत आलेली असते. अशा वेळी मिनिमम इक्विपमेंट लिस्ट नावाची एक मान्य फेरिस्त पाहतात. कोणता अवयव निकामी असताना, कोणत्या अटींवर, किती दिवस विमान उडवावे हे तीत ठरवून दिलेले असते. नोंदीचा दिवस सोडून 'ब' वर्गाला ३ दिवस, 'क' ला १०, 'ड' ला १२०. ही तहकुबी म्हणजे बेपर्वाई नव्हे. एका अवयवाच्या जागी दुसरा काम देईल अशी तरतूद यंत्रात मुळातच केलेली असते, आणि त्या तरतुदीचा हिशेब करूनच मुदत ठरविलेली असते. दोष तहकुबीत नाही. दोष तेथे आहे, जेथे तक्रार तहकूबही होत नाही आणि दुरुस्तही होत नाही. केवळ विझविली जाते.

मी स्वतः हे केलेले आहे. ज्या कंपनीच्या नोकरीत मी होतो तिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अपराध माझ्या सहीचा होता. एका पावसाळ्यात एकच विमान एकाच आठवड्यात एकाच तक्रारीसह चार वेळा आले. चारही वेळा आम्ही त्या संगणकाचा सर्किट ब्रेकर ओढला, थोडा वेळ थांबलो, परत दाबला. दिवा विझला, तपासणीत यंत्र निर्दोष ठरले, आणि "तपासले, ठीक आढळले" असा शेरा लिहून मी सही केली. पहाटे चारच्या सुमारास, प्रवासी चढू लागलेले असताना, विझलेला दिवा हा फार पटण्याजोगा पुरावा वाटतो. पाचव्या वेळी एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने गॅलीखालची फळी उचलायला लावली, तेव्हा चहाच्या पाण्याने हिरवा पडलेला तारांचा जोड हाती लागला. यंत्र चारही वेळा खरे बोलले होते. आम्ही प्रत्येक वेळी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. त्या प्रकरणात कोणाला काही झाले नाही, म्हणूनच ते मला इतके स्वच्छ आठवते की काय, कोण जाणे.

ज्या प्रकरणात झाले, ते या ग्रंथाचा कणा आहे, आणि ग्रंथकर्त्यांचा व माझा मतभेदही तेथेच आहे. २८ डिसेंबर २०१४ च्या पहाटे एअरएशियाच्या इंडोनेशियातील कंपनीचे ८५०१ क्रमांकाचे ए-३२० विमान सुराबायाहून सिंगापूरला निघाले, आणि पाऊण तासात जावा समुद्रात कोसळून त्यातील १६२ माणसे मरण पावली. प्रथम सर्वांनी वादळाला दोष दिला. ऋतू तसाच होता. एक वर्षाने इंडोनेशियाच्या वाहतूक-सुरक्षा समितीचा अहवाल आला तेव्हा मूळ कारण निघाले ते शेपटीतल्या एका लहान विद्युत्फलकावरचा, भेगाळलेला डाखाचा सांधा. शेपटीवरचे उभे सुकाणू वेग वाढला की किती वळू द्यावे हे मर्यादित करणारी एक यंत्रणा असते, तिचा तो फलक. विमान बंद असताना थंड, चालू असताना गरम, अशा रोजच्या ताणाने डाख चिरला होता. संपर्क कधी जुळे, कधी तुटे, आणि तुटला की कॉकपिटात पिवळा इशारा येई. त्या एका वर्षात या यंत्रणेची तक्रार २३ वेळा नोंदली गेली होती, आणि शेवटच्या महिन्यांत दोन तक्रारींमधील अंतर सारखे कमी होत चालले होते. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे निकालात निघाली. सगळ्या नोंदी एका खाली एक ठेवून वाचण्याचे काम कोणाच्याच पाळीत येत नव्हते.

इशारा स्वतः भयंकर नव्हता. इतक्या उंचीवर, इतक्या वेगात वैमानिक पायांनी सुकाणू फारसे वळवितच नाही; ते जपून वापरावे, एवढाच त्या इशाऱ्याचा व्यावहारिक अर्थ. त्या सकाळी तो चार वेळा आला. पहिल्या तीन वेळा वैमानिकांनी पडद्यावर लिहिल्याप्रमाणे दोन संगणकांच्या कळा क्रमाने बंद करून चालू केल्या, आणि तीन वेळा दिवा विझला. चौथ्या वेळी जे झाले ते पडद्यावर लिहिलेले नव्हते: त्या दोन्ही संगणकांचे सर्किट ब्रेकर ओढले गेल्याच्या खुणा नोंदयंत्रात सापडल्या. त्यांतला एक ब्रेकर उपवैमानिकाच्या पाठीमागच्या भिंतीवर असतो. कॅप्टनने तेथवर पोहोचायचे तर खुर्ची सोडावी लागते. संगणकांची वीज जाताच ऑटोपायलट सुटला, इंजिनांची स्वयंचलित व्यवस्था सुटली, आणि एरवी विमानाला मर्यादेबाहेर जाऊ न देणारी संरक्षणे निघून गेली. विमान डाव्या अंगावर ५४ अंशांपर्यंत कलंडले, आणि नऊ सेकंद कोणीही दांडा हलविला नाही. मग उपवैमानिकाने तो मागे ओढला आणि ओढतच राहिला. विमान बत्तीस हजार फुटांवरून अडतीस हजारांपर्यंत चढले, वेग संपला, पंखांनी उचल धरणे सोडून दिले. कॅप्टन इंग्रजीत "खाली ओढ" अशा अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारीत होता. विमानाचे नाक खाली आणण्यासाठी दांडा पुढे ढकलावा लागतो. "ओढ" हे क्रियापद कानी पडणारा माणूस काय करील? एक जण इंडोनेशियाचा, दुसरा फ्रान्सचा. दोघांनाही परकी असलेल्या भाषेत दिलेली ती आज्ञा स्वतःच स्वतःला छेद देणारी होती.

ब्रेकर ओढण्याची ही युक्ती आली कोठून? अहवालात त्याचे उत्तर आहे, आणि ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. तीन दिवसांपूर्वी, २५ डिसेंबरला, हेच विमान जमिनीवर उभे असताना हीच तक्रार आली होती, आणि तेथल्या यंत्रज्ञाने कॅप्टनच्या डोळ्यांदेखत ब्रेकर ओढून, परत दाबून ती विझविली होती. पुन्हा असे झाले तर मीही हे करू का, असे कॅप्टनने विचारले. पडद्यावर सूचना येईल तेव्हा करता येईल, अशा आशयाचे उत्तर मिळाले. यंत्रज्ञाच्या दृष्टीने उत्तर चूक नव्हते. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातली अट उरली नाही, युक्ती तेवढी उरली.

ग्रंथकर्ते म्हणतात की येथे दोष वैमानिकाचा: आकाशात कोणता संगणक कसा परत चालू करावा याचे कोष्टक पुस्तिकेत असते, आणि त्याबाहेर जाण्याचा अधिकार कोणालाही नाही. वैमानिकाने आकाशात यंत्रज्ञ होऊ नये, हे त्यांचे सूत्र आहे आणि ते निर्विवाद आहे. पण मी त्या सूत्राची दुसरी बाजूही मांडतो. ज्याला वर्षभर एकच दिवा पुन्हा पुन्हा दिसतो, आणि प्रत्येक वेळी जमिनीवरचा माणूस तो विझवून सही करून जातो, त्याला आपण काय शिकविलेले असते? दिवा विझणे म्हणजेच दुरुस्ती, हे त्याने आमच्याकडूनच उचललेले असते. चौथ्या इशाऱ्याच्या वेळी ब्रेकर ओढणारा हात कॅप्टनचा असेल. त्या हाताला वळण आम्ही लावले होते.

हेलिओस या विमानकंपनीची कथा मी थोडक्यातच सांगतो, कारण ग्रंथात ती विस्ताराने आली आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये, आदल्या तक्रारीच्या निमित्ताने जमिनीवर हवेच्या दाबाची चाचणी झाली होती, आणि त्यानंतर दाबाचे बटण 'हाताने चालवा' या जागीच राहिले. विमान चढू लागले, आतली हवा विरळ होत गेली, भोंगा वाजला. पण त्या विमानात विरळ हवेचा भोंगा आणि उड्डाणाची मांडणी चुकल्याचा भोंगा हे दोन्ही एकाच सुराचे होते, आणि दुसरा केवळ जमिनीवरच वाजू शकतो हे ऐन वेळी कोणाला आठवले नाही. कॅप्टन जमिनीवरच्या यंत्रज्ञाशी बोलत होता. दाबाचे बटण 'ऑटो'वर आहे ना, असा अचूक प्रश्न त्या यंत्रज्ञाने विचारला. उत्तरादाखल कॅप्टनने उपकरणे थंड ठेवणाऱ्या पंख्यांचे ब्रेकर कोठे आहेत हे विचारले. प्राणवायूच्या अभावी बुद्धी मंदावते आणि मंदावल्याची जाणीवही राहत नाही, हा त्यातला क्रूर भाग. १२१ माणसे गेली. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ मध्ये हवा आत घेण्याची बटणे चालू करावयाची राहून गेली, प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि सुमारे तीस प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान सुखरूप परत मुंबईस उतरले म्हणून ती हकीकत चार दिवसांत विसरली गेली.

मुंबईकराला विसरता न येणारी एक रात्र मात्र आहे: १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे ७४७ सांताक्रूझहून दुबईला जाण्यास उडाले आणि शंभरएक सेकंदांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. कॅप्टनसमोरचे, विमान किती कलले आहे ते दाखविणारे उपकरण उजव्या कलावर अडकून बसले होते. खाली काळोखा समुद्र, क्षितिज नाही. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून त्याने ते डावीकडे लोटले आणि लोटतच राहिला. तिसऱ्या खुर्चीवरच्या फ्लाइट इंजिनियरने त्या उपकरणावर जाऊ नका अशा अर्थाचा इशारा दिला होता, पण तोवर वेळ उरलेला नव्हता. २१३ माणसे त्या विमानात होती. मी तेव्हा या धंद्याचा विद्यार्थी होतो. आमच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी वर्गात काही सांगितले नाही, तीन उपकरणांच्या आकृत्या फळ्यावर काढल्या, त्यांतल्या एकीचा काटा तिरपा दाखविला, आणि कोणते खोटे हे ठरविण्यास आम्हाला पाच सेकंद दिले.

दोष फक्त निष्काळजी किंवा अतिउत्साही माणसांच्याच वाट्याला येतात असा ग्रह होऊ नये, म्हणून ग्रंथकर्त्यांनी क्वांटासच्या ३२ क्रमांकाच्या फेरीला शेवटचा मोठा अध्याय दिला आहे, आणि तो मला सर्वांत आवडला. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या ए-३८० चे दोन क्रमांकाचे इंजिन बाटाम बेटावर फुटले. त्यातल्या एका लहान तेलनळीचे भोक कारखान्यात मध्यापासून सरकून पाडले गेले होते. भिंत एका बाजूस पातळ राहिली, चिरली, तेल पेटले, आणि टर्बाइनची चकती फुटून तिचे तुकडे पंखातून आरपार गेले. त्यानंतर पडद्यावर जे इशाऱ्यांचे लोंढे सुरू झाले त्यांचा निकाल लावण्यास वैमानिकांना सुमारे पन्नास मिनिटे लागली. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटात पाच वैमानिक होते. त्या वेळी कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी याने मनाशी गणित उलटे केले: काय काय बिघडले याची यादी संपत नसेल तर काय काय शाबूत आहे याची करावी, आणि त्या शाबूत भागांतून एक साधे, लहान विमान मनात उभे करून तेवढेच चालवावे. उतरण्याची घाई त्यांनी केली नाही; उडाल्यापासून सुमारे दोन तासांनी ते परत सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या धावपट्टीवर उतरले. उतरल्यावरही एक नंबरचे इंजिन बंद होण्याचे नाव घेईना, कारण त्याच्या तारा तुटलेल्या होत्या; अग्निशामकांना सुमारे तीन तास पाणी आणि फेस मारून ते विझवावे लागले. विमानातील ४६९ माणसांपैकी एकालाही इजा झाली नाही. या अध्यायात शौर्याची वर्णने नाहीत, लगबग नाही. चार-पाच माणसे यादीतली एकेक ओळ मोठ्याने वाचून, ही कृती करावी की सोडून द्यावी याची आपसांत रुजवात घालीत बसली आहेत, एवढेच चित्र आहे. काही ओळी त्यांनी जाणूनबुजून सोडूनही दिल्या. यादीबाहेर जाऊ नये आणि यादीपुढे आपली बुद्धीही गहाण टाकू नये, या दोहोंच्या मधली जी अरुंद वाट आहे ती ज्याला दिसली, त्याला हा व्यवसाय कळला.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. नकाशे अपुरे आहेत. तिसऱ्या अध्यायात विद्युत्-यंत्रणेचे जे वर्णन आहे ते सामान्य वाचकाने वगळून पुढे जावे; मी यंत्रज्ञ असूनही तेथे दोनदा चहाला उठलो. याहून मोठी उणीव अशी की, ज्या फेऱ्यांत दिवा लागला, पुस्तिका उघडली गेली, दोन ओळी वाचल्या गेल्या, विमान ठरल्या ठिकाणी उतरले आणि वैमानिकाने टेक लॉगमध्ये तक्रार लिहून घरची वाट धरली, अशा एकाही फेरीची हकीकत ग्रंथात नाही. जगातल्या कोणत्याही विमानतळावर अशा फेऱ्या रोज उतरत असतात, आणि या विद्येचे खरे स्वरूप तेथेच दिसते. ग्रंथकर्त्यांना मी हे बोललो तेव्हा ते हसून म्हणाले, "त्यात सांगण्यासारखे काय आहे?" दुसऱ्या आवृत्तीत तरी त्यांनी आपल्या स्वतःच्या नोंदवहीतली अशी एखादी नीरस रात्र लिहावी, ही माझी त्यांना विनंती.

८५०१ च्या बाबतीत आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा अशी माझी इच्छाही नाही. ग्रंथकर्त्यांची बाजू नवव्या प्रकरणात आहे. माझी वर आलीच आहे. वाचकाने ते प्रकरण आधी वाचले तरी चालेल, मात्र त्याच्या शेवटी दिलेला त्या विमानाच्या वर्षभरातील २३ तक्रारींचा तक्ता वगळू नये.